जपानी छापचित्रांतला सागरकिनारा

होकुसाईची लाट पाहिली नाही असा चित्रकलेचा विद्यार्थी आज सापडणे कठीण. कॅलेंडरांवर, वह्यांच्या वेष्टनांवर, कपांवर, सदऱ्यांवर ती लाट आपल्याला भेटते. आणि जुलै २०२४ पासून तर ती जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आली आहे. इतक्या ओळखीच्या झालेल्या चित्राचे एक दुर्दैव असते. ते सर्वांना ठाऊक असते, पण त्याच्याकडे निरखून कोणी पाहत नाही. मुद्राचित्रणाच्या वर्गात नव्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक साधा प्रश्न विचारतो : चित्र समोर न ठेवता सांगा, त्या लाटेच्या चित्रात होड्या किती आहेत? बहुतेकांना मुळात होड्या आहेत हेच आठवत नाही. काहींना एक आठवते. प्रत्यक्षात त्या तीन आहेत आणि त्यांत वल्ह्यांवर ओणवी झालेली माणसे आहेत.

या प्रश्नात माझ्या लेखाचा सारा विषय सामावलेला आहे. जपानी काष्ठमुद्राचित्रांतला समुद्र आपण ‘निसर्गचित्र’ म्हणून पाहतो आणि त्यातल्या निळ्या रंगावर, डौलदार रेषेवर खूश होतो. पण हा किनारा निर्जन नाही. तेथे मासे धरले जातात, शिंपल्या वेचल्या जातात, मीठ पिकवले जाते, ओझी वाहिली जातात. हा राबणाऱ्या माणसांचा किनारा आहे, आणि ज्या हातांनी तो लाकडात कोरला व कागदावर उमटवला, तेही राबणारेच हात होते. या दोन्ही श्रमांकडे लक्ष गेले, तरच ही चित्रे पुरती कळतात असे मला वाटते. म्हणून ती कशी तयार होत, त्यांत काय दिसते आणि त्यांतल्या किनाऱ्याचे पुढे काय झाले, हे क्रमाने पाहू.

शहर, रस्ता आणि चित्र

इ. स. १६०३ ते १८६८ हा जपानच्या इतिहासातला एदो कालखंड. एदो म्हणजे आजचे तोकियो. शोगुनांच्या राजवटीत हे शहर फार झपाट्याने वाढले. व्यापारी, कारागीर, दुकानदार यांच्या हातात थोडाफार पैसा खेळू लागला. नाटकगृहे, चहागृहे, रंगमहाल यांचे एक चंचल, सुखलोलुप जग उभे राहिले. त्याला ‘उकियो’, म्हणजे तरंगते जग, असे म्हणत आणि त्या जगाच्या चित्रांना ‘उकियो-ए’. आरंभी या चित्रांचे विषय नट, गणिका आणि कुस्तीगीर हेच असत. इ. स. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबू याच्या चित्रांपासून अनेक ठसे वापरून पूर्ण रंगीत चित्रे छापण्याची पद्धत रूढ झाली. निसर्ग मात्र अजून पाठीमागच्या पडद्यापुरताच होता.

तो पुढे आला तो रस्त्यामुळे. एदो आणि क्योतो यांना जोडणारा तोकाइदो हा राजमार्ग बराचसा समुद्राच्या कडेने जाई आणि त्यावर त्रेपन्न मुक्काम होते. सरंजामदारांचे लवाजमे, व्यापारी, यात्रेकरू यांची त्यावर सतत ये-जा असे. सामान्य माणसाला मनास येईल तसा प्रवास करण्याची मोकळीक नव्हती. पण तीर्थयात्रेच्या निमित्ताने परवाना मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रवासाची हौस इतकी वाढली, की प्रवासवर्णने आणि सचित्र स्थलवर्णने यांचा खप जोरात होऊ लागला. ज्याला जाणे जमले नाही त्याने चित्र घ्यावे, जाऊन आलेल्याने आठवण म्हणून घ्यावे, असा हा बाजार होता. आणि हे चित्र महागही नव्हते. त्याची किंमत शेवयांच्या एक-दोन वाडग्यांइतकी असे. घरोघरी भिंतीवर लागणाऱ्या रविवर्मा छापखान्याच्या तसबिरी आठवल्या, म्हणजे या चित्रांचे समाजातले स्थान आपल्या लक्षात येईल. १८३१ च्या सुमाराच्या त्याच लाटेची एक प्रत मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सत्तावीस लाख डॉलरांच्या वर गेली, ही गोष्ट ते चित्र विकत घेणाऱ्या एदोच्या दुकानदाराला थट्टाच वाटली असती.

चौघांचे चित्र

चित्राच्या कोपऱ्यात होकुसाईची किंवा हिरोशिगेची सही असते, म्हणून आपण ते त्याचे एकट्याचे मानतो. वस्तुतः ते चौघांचे असे : प्रकाशक, चित्रकार, कोरणारा आणि छापणारा. पैसा प्रकाशकाचा. कोणता विषय खपेल, किती रंग परवडतील, हे तोच ठरवी. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाचित्र काढून देई. कोरणारा ते रेखाचित्र फळीवर पालथे चिकटवी आणि कागदासकट लाकूड कोरून काढी. म्हणजे चित्रकाराचे मूळ रेखाटन या कामात नष्टच होई. आज आपण ज्याला ‘मूळ चित्र’ म्हणतो, त्याचे खरे मूळ असे लाकडाच्या भुशात गेलेले आहे.

लाकूड रानचेरीचे. ते कठीण असते, त्याचे तंतू बारीक व सारखे असतात, त्यामुळे केसासारखी रेषाही टिकते. रेषा ठेवायची आणि तिच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकायचे, हे ज्याने एकदा तरी केले आहे त्यालाच लाटेच्या टोकाशी असलेल्या त्या फेसाच्या नख्यांचे मोल कळेल. कुंचल्याने ती रेषा क्षणात निघते. पटाशीने ती राखायला तासन् तास लागतात. या मुख्य ठशावरून काही प्रती काढून त्यांवर चित्रकार कोठे कोणता रंग ते खुणावी, आणि मग प्रत्येक रंगासाठी निराळा ठसा कोरला जाई. सगळे ठसे एकाच कागदावर नेमके जुळावेत म्हणून प्रत्येक फळीच्या एका कोपऱ्यात काटकोनी खाच आणि एका कडेला सरळ खाच ठेवत. कागद त्या दोन खाचांना टेकवला की दहाव्या ठशालाही रेघ सुटत नाही. इतकी साधी युक्ती, पण साऱ्या रंगीत छपाईचा भार तिच्यावर आहे.

यानंतरचे काम छापणाऱ्याचे. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून हाताने केलेला कागद, त्याला सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात दिलेला, किंचित ओलसर. रंग पाण्यातले, त्यात तांदळाची खळ मिसळलेली. ठशावर ब्रशने रंग लावायचा, कागद ठेवायचा आणि पाठीमागून ‘बारेन’ने घासायचे. बारेन म्हणजे बांबूच्या कोंबाच्या सालीत गुंडाळलेली एक चपटी चकती. येथे यंत्राचा दाब नाही. दाब आहे तो मनगटाचा आणि खांद्याचा.

समुद्राच्या दृष्टीने छापणाऱ्याच्या दोन करामती महत्त्वाच्या आहेत. पहिली ‘बोकाशी’, म्हणजे रंगाची चढती-उतरती छटा. आकाशाच्या माथ्याशी गडद निळा पट्टा आणि खाली येता येता तो विरत जाणे, किंवा किनाऱ्याशी फिके पाणी आणि दूर जाता जाता खोल निळे होणे, हे ठशात कोरलेले नसते. ठसा सपाटच असतो. छापणारा त्यावर ओल्या फडक्याने पाणी फिरवतो, एका कडेला रंग ठेवतो आणि ब्रशने तो ओल्या भागात ओढत नेतो. प्रत्येक प्रतीसाठी हे पहिल्यापासून करायचे. मी स्वतः या पद्धतीने सपाट फळीवर निळी छटा उतरवत असताना एकापाठोपाठ काढलेल्या पाच कागदांवर पाच वेगळ्या वेळांचे आकाश दिसू लागले : एक पहाटेचे, एक पावसाआधीचे, एक भर दुपारचे. एकाच चित्राच्या निरनिराळ्या संग्रहालयांतल्या प्रती सारख्या का दिसत नाहीत, याचे एक कारण येथे आहे. दुसरी करामत लाकडाच्या रेषांची. फळीवरचे नैसर्गिक तंतू घासून थोडे उठावदार केले, की छापताना त्यांच्या बारीक रेषा रंगातून उमटतात आणि शांत पाण्यावरचे तरंग आपोआप मिळतात. झाडाच्या अंगातले पाणी वाहण्याचे मार्गच कागदावर समुद्र होऊन येतात!

परदेशी निळा

समुद्र काढायचा तर निळा हवा. जपानी छापणाऱ्यांकडे पूर्वी दोन निळे होते. एक फुलांपासून काढलेला. तो नाजूक, पण उजेडाने आणि ओलाव्याने चटकन उडणारा. दुसरा नीळ, तो टिकाऊ, पण काहीसा मंद. अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये एका रंगकर्त्याच्या हाती योगायोगाने नवा कृत्रिम निळा लागला. त्यालाच आपण प्रुशियन ब्ल्यू म्हणतो. डच आणि चिनी व्यापाऱ्यांमार्फत तो नागासाकीला येऊ लागला. आरंभी तो महाग होता, इ. स. १८२९-३० च्या सुमारास तो छापचित्रांना परवडण्याइतका स्वस्त झाला, आणि एदोत केवळ निळ्या रंगाच्या छटांत छापलेल्या चित्रांची लाटच आली. जपानी लोक त्याला ‘बेरो-आय’, म्हणजे बर्लिनची नीळ, म्हणत.

हा रंग गडद लावला तर रात्रीसारखा खोल दिसतो आणि पाणी घालून पातळ केला तरी निस्तेज होत नाही. बोकाशीला याहून सोयीचा रंग दुसरा नाही. परक्या देशाशी व्यवहार करण्यावर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात, जपानचे सर्वांत ‘जपानी’ मानले गेलेले चित्र एका जर्मन रंगाने रंगले, ही मोठी मौजेची गोष्ट आहे. परंपरा म्हणजे बाहेरचे काही न घेणे, असे समजणाऱ्यांनी या निळ्याचा जरूर विचार करावा.

होकुसाई : पाण्यावरची माणसे

कात्सुशिका होकुसाई (१७६०-१८४९) याने ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ ही मालिका काढली तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. १८३० च्या सुमारास सुरू झालेली ही मालिका इतकी खपली, की प्रकाशक निशिमुराया याने आणखी दहा चित्रे जोडली आणि छत्तिसांची शेहेचाळीस झाली. पहिल्या छत्तीस चित्रांत बाह्यरेषाही काळ्याऐवजी निळ्या छापलेल्या आहेत. जोडलेल्या दहांत त्या काळ्या आहेत. निळ्या रेषेने पाणी, आकाश आणि डोंगर एकाच हवेत श्वास घेतात, हे प्रती शेजारी ठेवून पाहिले की लगेच जाणवते.

‘कानागावाच्या समुद्रातली लाट’ हे याच मालिकेतले चित्र. ते जेमतेम पंचवीस बाय अडतीस सेंटिमीटरचे आहे, हे सांगितल्यावर विद्यार्थी चकित होतात. त्यातल्या होड्या ताजी मासळी एदोच्या बाजारात वेगाने पोचवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जातीच्या, लांबट आणि अरुंद आहेत. वल्हेकऱ्यांनी माना खाली घातल्या आहेत. कोणी हात वर करून आक्रोश करत नाही, कोणी देवाचा धावा करत नाही. लाट अंगावर येताना होडीला धरून राहायचे आणि नाक लाटेकडे ठेवायचे, हे त्यांचे रोजचे काम आहे. मागे लाटांच्या खळग्यात बर्फाच्छादित फुजी एवढासा दिसतो, आणि पुढची एक लहान लाट नेमकी त्याच्याच आकाराची आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जपानी लिपी उजवीकडून डावीकडे वाचली जाई, आणि चित्रही डोळा त्याच सवयीने पाही. म्हणजे एदोचा प्रेक्षक उजवीकडून होड्यांबरोबर चित्रात शिरे आणि समोरून आलेल्या लाटेला भिडे. आपण डावीकडून वाचणारे; आपण लाटेबरोबर धावतो आणि होड्यांवर कोसळतो. हे चित्र आरशात धरून पाहावे. आरशातल्या चित्रात आपल्याला वल्हेकऱ्यांची बाजू मिळते आणि लाट एकाएकी कितीतरी भीतिदायक होते.

ही लाट होकुसाईला एका दिवसात सुचलेली नाही. १८०३-०५ च्या सुमाराच्या त्याच्या दोन चित्रांत अशाच मोठ्या लाटा आणि अशाच होड्या आहेत. पण तेथे लाट जड, एखाद्या कड्यासारखी घट्ट वाटते. पाश्चात्त्य यथार्थदर्शनाचा अभ्यास त्याने तेव्हाच सुरू केला होता. लाटेचे वजन कमी करून तिला वेग द्यायला त्याला पंचवीस वर्षे लागली.

मालिकेतली इतर सागरचित्रे या एका लाटेखाली झाकली गेली, याचे मला वाईट वाटते. ‘काझुसाचा सागरी मार्ग’ या चित्रात दोन मोठी मालवाहू गलबते आहेत. गलबताच्या अंगातल्या झरोक्यांतून खलाशांचे चेहरे दिसतात, शिडाच्या दोरांखालून दूरवरचा फुजी दिसतो आणि क्षितिजाची रेषा किंचित बाक घेते, जणू पृथ्वीची गोलाई चित्रकाराला जाणवली आहे. ‘नोबोतोचा उपसागर’मध्ये ओहोटीच्या पाण्यात उभ्या असलेल्या देवळाच्या कमानींखाली बायाबापड्या आणि पोरे शिंपल्या गोळा करत आहेत. ‘तागोचा उपसागर’मध्ये पुढे होड्या हाकणारे कोळी आणि मागे किनाऱ्यावर मुंग्यांएवढ्या आकाराचे मीठ पिकवणारे मजूर आहेत. पुढे १८३३ च्या सुमारास त्याने दहा चित्रांची एक मालिका खास मासेमारीवर काढली. तीत चोशीच्या खडकाळ किनाऱ्याशी उसळत्या पाण्यात झगडणाऱ्या होड्यांचे चित्र आहे. माझ्या मते ते प्रसिद्ध लाटेच्या तोडीचे आहे. फुजी तेथे नाही. आहे तो फक्त समुद्र आणि पोटासाठी त्यात उतरलेली माणसे.

हिरोशिगे : वाटेवरचा समुद्र

उतागावा हिरोशिगे (१७९७-१८५८) हा एदोच्या किल्ल्याच्या अग्निशामक दलातल्या अधिकाऱ्याचा मुलगा. काही वर्षे ते पद त्याने स्वतःही सांभाळले. होकुसाई पाण्याचा जोर पाहतो. हिरोशिगे त्यावरची हवा पाहतो. १८३३-३४ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘तोकाइदोचे त्रेपन्न मुक्काम’ या मालिकेने तो घरोघरी पोचला. तीतले युइ मुक्कामाजवळच्या सात्ता घाटाचे चित्र पाहा. डाव्या हाताला कडा सरळ समुद्रात उतरला आहे. त्याच्या माथ्यावरून चिमुकले वाटसरू जपून वाकून पाहताहेत. खाली पसरलेल्या शांत निळ्या पाण्यावर शिडे आहेत आणि पलीकडे पांढरा फुजी. पायाखालची भीती आणि डोळ्यांपुढचे सौंदर्य ही दोन्ही एका कागदावर बसवणे सोपे नव्हे.

सर्वच जागा त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या असे मात्र नाही. १८५३ ते १८५६ या काळात त्याने जपानच्या साठांहून अधिक प्रांतांची चित्रे काढली, त्यांतली कितीतरी दृश्ये सचित्र स्थलवर्णनांच्या पुस्तकांवरून घेतली आहेत. नारुतोच्या सामुद्रधुनीतले प्रचंड भोवरे त्याने या मालिकेत काढले आणि १८५७ मध्ये पुन्हा तीन कागद जोडून काढले. तेथे पाणी हाच नायक आहे.

आयुष्याच्या अखेरीस, १८५६ ते १८५८ या काळात, त्याने ‘एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये’ ही मालिका केली. नाव शंभरांचे असले तरी चित्रे त्याहून अधिक आहेत. एदो हे उपसागराच्या काठचे शहर, त्यामुळे तीत पाणी जागोजागी आहे. हानेदाच्या तरीच्या चित्रात नावाड्याचे केसाळ हातपाय आपल्या डोळ्यांना जवळजवळ टेकतात आणि त्यांच्या मधल्या फटीतून आपण नदीचे मुख, शिडे आणि बेंतेन देवीचे देऊळ पाहतो. येथे राबणारा देह हीच चित्राची चौकट झाली आहे. सामेझूच्या किनाऱ्याच्या चित्रात समुद्रात काटक्यांच्या रांगा रोवलेल्या दिसतात. ती ‘नोरी’ या खाद्य शेवाळाची शेती होय. काटक्यांना धरलेले शेवाळ थंडीच्या दिवसांत होडीतून जाऊन खुडायचे, बारीक चिरायचे आणि कागद करतात तसेच त्याचे पातळ ताव करून उन्हात वाळवायचे, असा तो धंदा.

याच मालिकेतले शिनागावाजवळच्या गोतेनयामाचे चित्र मला फार बोलके वाटते. ही टेकडी चेरीच्या बहरासाठी प्रसिद्ध होती. १८५३ मध्ये अमेरिकेचा कमोडोर पेरी आपली लढाऊ जहाजे घेऊन एदोच्या उपसागरात आला आणि शोगुनाच्या सरकारने घाईघाईने समुद्रात तोफांसाठी बेटे बांधायला घेतली. त्यांच्या भरावासाठी माती काढली ती या टेकडीची. हिरोशिगेच्या चित्रात चेरी फुललेली आहे, लोक फिरायला आले आहेत, आणि पुढे टेकडीचा उघडा पडलेला, खरवडलेला कडा उभा आहे. त्याने एकही तोफ दाखवलेली नाही. किनारा बदलू लागला आहे, एवढेच त्याने नोंदवले.

जपानबाहेर आणि जपानमध्ये

१८५४ नंतर जपानची दारे उघडली आणि ही चित्रे युरोपात पोचली. पॅरिसच्या चित्रकारांनी ती हौसेने जमवली. व्हॅन गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या दोन चित्रांच्या तैलरंगात नकला केल्या. आंरी रिव्हिएर या फ्रेंच चित्रकाराने ब्रिटनी प्रांताचा किनारा याच पद्धतीने लाकडात कोरला. संगीतकार देब्युसीच्या ‘सागर’ या रचनेच्या १९०५ च्या छापील प्रतीवर होकुसाईची लाट झळकली. हा भाग पुस्तकांतून पुष्कळ येतो, म्हणून येथे अधिक लिहीत नाही.

जपानमध्ये मात्र छायाचित्र आणि यंत्राचा छापखाना आल्यावर हा धंदा बसला. विसाव्या शतकात वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकाने चौघांची जुनी रीत पुन्हा उभी केली. त्याच्यासाठी काम करणारा कावासे हासुइ (१८८३-१९५७) गावोगाव, बंदरोबंदरी हिंडून रेखाटने करी. १९२३ च्या भूकंपानंतरच्या आगीत वातानाबेचे दुकान, ठसे आणि हासुइच्या रेखाटनांच्या वह्या जळून गेल्या. हासुइ पुन्हा प्रवासाला निघाला. योशिदा हिरोशी (१८७६-१९५०) याने १९२६ मध्ये जपानच्या अंतर्गत समुद्रातल्या शिडांच्या होड्यांचे चित्र एकाच ठशांवरून निरनिराळे रंग लावून सहा वेळांचे छापले : सकाळ, दिवस चढल्यावर, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र. होड्या त्याच, रेषा त्याच. बदलला तो केवळ छापणाऱ्याचा हात. छपाईच्या विद्यार्थ्याने ही सहा चित्रे ओळीने पाहिली, तर रंगाविषयी एका वर्षाचे शिक्षण त्याला एका तासात मिळेल.

तो किनारा आज

या चित्रांतल्या जागा आज कशा आहेत, हे पाहिल्यावाचून विषय पुरा होत नाही.

सात्ता घाटाखालचा समुद्र १८५४ च्या डिसेंबरातल्या भूकंपाने बदलला. समुद्रतळ उचलला गेला आणि कड्याच्या पायथ्याशी जमिनीची एक पट्टी वर आली. जेथे हिरोशिगेच्या वाटसरूंना लाटांच्या भीतीने घाट चढावा लागे, तेथून आज रेल्वे, राष्ट्रीय हमरस्ता आणि द्रुतगती मार्ग दाटीवाटीने जातात. फुजी मात्र तेथून अजूनही तसाच दिसतो.

तागोच्या उपसागराचे दुर्दैव अधिक दारुण. फुजीच्या पायथ्याच्या स्वच्छ पाण्यामुळे तेथे कागदाच्या गिरण्या वाढल्या. १९७० च्या सुमारास त्यांनी सोडलेल्या घाणीचा गाळ बंदरात इतका साचला, की त्याची दुर्गंधी हा साऱ्या देशाच्या संतापाचा विषय झाला. पुढे तो गाळ उपसण्यात आला. ज्या किनाऱ्याचे सौंदर्य हातकागदावर उमटून अजरामर झाले, तो किनारा यंत्राच्या कागदाने नासावा, याला काय म्हणावे?

शिनागावा आणि ओमोरीचा उथळ समुद्र बंदरासाठी व कारखान्यांसाठी भर घालून बुजवला गेला. १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभी तेथल्या मच्छीमारांनी मासेमारीचे हक्क सोडले आणि पिढ्यान् पिढ्या चाललेली नोरीची शेती संपली. ओमोरीत आता त्या धंद्याची अवजारे जपणारे एक संग्रहालय आहे. हानेदाला १९३१ मध्ये विमानतळ झाला. १९४५ च्या सप्टेंबरात, युद्ध संपताच, अमेरिकन सैन्याने तो वाढवण्यासाठी आसपासच्या सुमारे तीन हजार रहिवाशांना अठ्ठेचाळीस तासांत घरे सोडायला लावली. आज त्या मुलखावरून रोज शेकडो विमाने उडतात. नावाड्याच्या हातापायांच्या फटीतून दिसणारे ते पाणी आता हिरोशिगेच्या कागदावरच उरले आहे.

ही चित्रे काढणाऱ्यांनी काही जपून ठेवण्याच्या हेतूने ती काढली नव्हती. ती विकण्यासाठी काढली होती, आणि विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या ओळखीचे ते दाखवावे लागते. म्हणूनच त्यांत कोणत्या जातीची होडी, वल्हे कसे धरतात, काटक्या कशा रोवतात, मीठ कोठे पिकते, हे सारे बिनचूक उतरले. केवळ सुंदर देखावा काढायचा म्हणून कोणी हे काढले असते, तर त्यातून माणसे गळाली असती आणि आज आपल्या हाती नुसते पाणी लागले असते.

तेव्हा माझ्या विद्यार्थी मित्रांना एवढेच सुचवावेसे वाटते. जपानी सागरचित्र समोर आले, म्हणजे आधी लाट पाहू नका. आधी माणसे मोजा. ती काय करत आहेत, त्यांच्या हातात काय आहे, वारा त्यांच्या तोंडावर आहे की पाठीवर, हे पाहा. मग आकाशाच्या माथ्यावरच्या निळ्या पट्ट्याकडे वळा आणि तो विरतो कोठे ते शोधा. तेथे छापणाऱ्याचे फडके फिरलेले आहे. त्या छापणाऱ्याचे नाव बहुतेक चित्रांवर नाही, आणि होडीतल्या वल्हेकऱ्यांचेही नाही. कागदावर शेजारी शेजारी राहिले आहे ते त्यांचे काम.